खाडीत पुन्हा मासे मेले तर कारण कसं शोधायचं

मासे मेल्याची बातमी वाडीत फिरली की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीनं सोडलं?" ज्याच्या घरातली चूल पागात आलेल्या मासळीवर पेटते, त्याला दुसरा प्रश्न सुचणार तरी कसा? पण दर वेळी सुरुवात याच प्रश्नानं होते आणि शेवटही ठरलेला असतो. गर्दी जमते, आरडाओरडा होतो, दुपारी उशिरा कोणीतरी येऊन एक बाटली भरून नेतं आणि महिन्याभरानं "सर्व घटक मर्यादेत आढळले" असा कागद येतो. पुढच्या मृगाला मासे पुन्हा मरतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की "कोणी" हे विचारायच्या आधी "हे पाणी केव्हाचं आणि कुठून आलेलं" हे ठरवा. पहिल्या दोन-तीन तासांत हे ठरवता आलं तर पुढचं बरंच सोपं होतं. ते निसटलं तर कितीही मोर्चे काढा, हातात काही राहत नाही.

खाली जे लिहितोय ते दाभोळ खाडी डोळ्यांसमोर ठेवून. चिपळूणवरून वाशिष्ठी येते, खेडवरून जगबुडी येते, दोघी मिळून दाभोळला समुद्राला मिळतात आणि दोन्ही नद्यांच्या मधल्या पठारावर लोटे परशुरामची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीनं २०११ च्या अहवालात लोट्याच्या प्रदूषणाची दखल घेतलेली आहे, म्हणजे हे दुखणं आजचं नाही. महाडची सावित्री आणि बाणकोट खाडी घ्या, नाहीतर रोहा-धाटावची कुंडलिका आणि रेवदंडा खाडी, घडण तीच. वर घाट, मध्ये वसाहत आणि शहर, खाली भरती-ओहोटीचं पाणी. त्यामुळे पद्धतही सगळीकडे चालते.

आधी जिवंत काय उरलंय ते बघा

मेलेले मासे सगळेच बघतात, मोबाइलवर त्यांचेच फोटो निघतात. माहिती मात्र उरलेल्या जिवांकडून जास्त मिळते.

मरळ पाण्यावर येऊन हवा घेते. पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी ती तग धरते. गोड्या पाण्याच्या भागात बाकीचे मासे पोट वर करून पडलेत आणि मरळ फिरतेय, तर पहिला संशय ऑक्सिजन संपल्याचा. मरळही मेली असेल तर पाण्यात विष असण्याची शक्यता खूप वाढते.

मग आकार बघा. ऑक्सिजन कमी पडला की साधारणपणे मोठे मासे आधी जातात, कारण त्यांची गरज मोठी. पिल्लं काठाच्या उथळ पाण्यात, पृष्ठभागाजवळ काही वेळ टिकतात. विषात बहुधा उलट घडतं, बारीक मासळी आधी जाते. बोय पृष्ठभागावर तोंड उघडझाप करत फिरत असतील, चिंबोऱ्या आणि कोळंबी पाणी सोडून चिखलाच्या काठावर चढत असतील, तर ती गुदमरल्याची लक्षणं. मासे वेडेवाकडे उसळतायत, स्वतःभोवती फिरतायत, अंगाला झटके येतायत, तर मज्जासंस्थेवर काम करणारं काहीतरी पाण्यात आहे. चिंबोरी, कोळंबी, पाण्यातले किडे आधी मेले आणि मासे अजून सुस्तावलेले दिसतायत, तर कीटकनाशकाचा विचार करा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं कवचवाल्या जिवांना फार लवकर मारतात.

फक्त तळाशी राहणारे मेलेत का, हेही बघा. शेंगाळी आणि वाम मेलेत आणि वरच्या थरातली मासळी ठीक आहे, तर बिघाड तळाच्या पाण्यात आहे. शेवटी खडकावरची कालवं आणि चिखलातल्या तिसऱ्या (शिंपल्या) तपासा. वाईट पाणी आलं की त्या शिंपा मिटून घेतात आणि थोडा काळ सहज काढतात. त्याही उघड्या पडून मेल्या असतील तर वाईट पाणी एका लाटेसारखं येऊन गेलेलं नाही, ते बराच काळ तिथे होतं.

हे सगळं काठावर उभं राहून लिहून ठेवा. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या टिपणाला कोणी किंमत देत नाही.

कल्ले उचलून पाहा

हातमोजे घाला. नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा. ही सूचना मी सगळ्यात आधी द्यायला हवी इतकी ती महत्त्वाची आहे. पोरांना मासे गोळा करायला पाठवू नका आणि नाल्याच्या तोंडाशी वाकून वास घेऊ नका. हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो.

नुकत्याच मेलेल्या किंवा मरणाऱ्या माशाचेच कल्ले बघायचे. ऑक्सिजन कमी पडून मेलेल्या माशाचं तोंड बहुधा उघडं आणि कल्ल्यांची झाकणं फाकलेली दिसतात. क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर असेल तर कल्ले पांढुरके, भाजल्यासारखे होतात. आम्लात पांढरट बुळबुळीत थर साचतो. सायनाइडमध्ये कल्ले नको इतके लालभडक दिसू शकतात. नायट्राइटमध्ये रक्त तपकिरी पडतं, पण ते गोड्या पाण्यात. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड माशाला नायट्राइटपासून बरंच वाचवतं, म्हणून खाडीच्या खालच्या भागात नायट्राइटचा संशय शेवटी घ्यावा. कल्ल्यांत लाल माती रुतलेली असेल तर वर कुठे जांभ्याची खाण, रस्त्याचं काम किंवा डोंगरकापणी चालू आहे ते बघा.

नुसत्या कल्ल्यांवरून निकाल देऊ नका. त्यांचा उपयोग प्रयोगशाळेला "हे तपासा" असं सांगण्यासाठी. तुम्ही काही सांगितलं नाही तर प्रयोगशाळा नेहमीचेच पाच-सात घटक तपासते आणि सायनाइड त्यात असेलच असं नाही.

मासे कधी मेले

सकाळी तरंगलेला मासा रात्रीच मेला, असं सगळे धरून चालतात. हे धोक्याचं आहे. मेलेला मासा बहुतेक वेळा आधी बुडतो आणि आत वायू धरल्यावर फुगून वर येतो. आपल्याकडच्या गरम पाण्यात याला काही तासांपासून एक दिवसापर्यंत वेळ लागतो. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, अंग ताठ किंवा लवचीक असेल तर मरण ताजं. डोळे दुधाळ, कल्ले फिकट, पोट फुगलेलं असेल तर तो आदल्या दिवशीचा असू शकतो. दोन्ही प्रकारचे मासे एकत्र पडले असतील तर ते वेगवेगळे मोजा आणि वेगवेगळे फोटो काढा, फोटोत मोजपट्टी किंवा वहीतलं पान ठेवून.

पहाटेचं मरण ऑक्सिजनकडे बोट दाखवतं. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्री त्याच ओढून घेतात, त्यामुळे सूर्योदयाच्या आसपास पाण्यात तो सर्वांत कमी असतो. एप्रिल-मेमध्ये कोंडीत साचलेल्या पाण्यात बाहेरून काही न येताही मासे असे मरू शकतात. भर दुपारी, वाहत्या पाण्यात, एकाच वेळी सगळ्या जातींची मासळी मेली तर मात्र हे कारण पटत नाही.

भरतीचा हिशेब

चौकशी इथेच चुकते. दुपारी आलेला माणूस मासे पडलेल्या जागेवरचं पाणी भरतो. पण खाडीत मासे मरतात एका ठिकाणी, वाहतात दुसरीकडे, आणि ज्या पाण्यानं मारलं ते तोवर तिसरीकडे गेलेलं असतं.

आपल्या आजोबांचा तिथीचा हिशेब इथे कामाला येतो. तिथीला पाऊणनं गुणा, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सहाला पूर्ण भरती, बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. ही वेळ समुद्राच्या तोंडाशी धरा. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर वाढतो, आणि तुमच्या वाडीला किती उशीर होतो हे तुमच्या भोई मंडळींना कोणत्याही तक्त्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

आता समजा, अष्टमीच्या सकाळी सहाला खाडीच्या मधल्या वाडीत ताजे मेलेले मासे दिसले. मध्यरात्रीपासून पाणी समुद्राकडून वर चढत होतं. म्हणजे आत्ता समोर असलेलं पाणी खालून आलंय. पण हेच पाणी आदल्या संध्याकाळी सहा ते बाराच्या ओहोटीत वरून खाली गेलेलं असू शकतं. वरच्या नाल्यातून संध्याकाळी काही सुटलं असेल तर ते तुमच्या वाडीसमोरून एकदा खाली गेलं आणि रात्री परत वर आलं. अशा वेळी "पाणी तर खालून आलं, वरच्या वसाहतीचा काय संबंध?" हा युक्तिवाद ऐकायला मिळतो. तो टिकत नाही, पण हिशेब मांडून दाखवावा लागतो.

अंतरासाठी असोला नारळ पाण्यात टाका आणि दोन ठरलेल्या खुणांमध्ये त्याला किती वेळ लागतो ते बघा. वरचं पाणी आतल्या पाण्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून आलेल्या वेगाचे पंच्याऐंशी टक्के धरा. सेकंदाला सरासरी अर्धा मीटर वेग असेल तर सहा तासांच्या ओहोटीत पाणी साधारण दहा-अकरा किलोमीटर जातं. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) यापेक्षा जास्त, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला) बरंच कमी. भांगाच्या दिवसांत पाणी फारसं बदलत नाही, आत आलेली घाण तिथेच घोळत राहते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपास थोड्या घाणीनंही जास्त मासे जातात का, हे प्रत्येक खाडीच्या वहीत तपासून बघण्यासारखं आहे.

आणखी एक घटक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पावसाळा सोडला तर वाशिष्ठीत वाहणारं बरंचसं पाणी कोयनेचं अवजल आहे. कृष्णा पाणी तंटा लवादानं कोयनेतून पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवायची मर्यादा ठरवलेली आहे. ते वीज तयार करून पोफळी-कोळकेवाडीच्या बाजूनं खाली येतं. वीजनिर्मिती थांबली की नदीची धार उतरते, आणि नाल्यातून येणारं सांडपाणी रोजच्याइतकंच असलं तरी त्यात मिसळायला पाणी उरत नाही. कुंडलिकेचं तसंच, तिला भिऱ्याच्या वीजगृहाचं पाणी मिळतं. मासे मेले त्या दिवशी आणि आदल्या दिवशी वीजगृहातून किती वाजता किती पाणी सुटलं, हे विचाराच.

ज्या बाटलीवर सगळं अवलंबून आहे

तीन जागांचं पाणी हवं: मासे मेलेत तिथलं, संशयित नाल्याच्या संगमाच्या वरचं, आणि तुमच्या हिशेबानं ते पाणी आत्ता जिथे पोचलं असेल तिथलं. वरच्या जागेचा नमुना नसेल तर बाकीच्या दोन्हींचा उपयोग अर्धाच, कारण तुलना कशाशी करणार?

प्रत्येक जागी वरचं आणि तळाचं पाणी वेगळं भरा. पावसाच्या सुरुवातीला गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं, खारं जड पाणी खाली अडकतं आणि त्याला हवेतला ऑक्सिजन मिळत नाही. वरच्या बाटलीत सगळं उत्तम दिसतं आणि खाली शेंगाळी मरत असते. तळाचं पाणी काढायला महागडं यंत्र लागत नाही. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी बांधा, तळाशी पोचल्यावर बूच ओढा.

ऑक्सिजन जागेवरच मोजावा लागतो. बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आकडा बदललेला असतो. थेंब टाकून रंग बदलणारा किट मिळतो, मत्स्यशेती करणाऱ्यांकडे तो असतोच. त्या रसायनांनी ऑक्सिजन जागेवर बांधून घेतला की पुढची मोजणी सावकाश केली तरी चालते. ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात सव्वासहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत मत्स्यजीवनासाठीच्या पाण्यात तो लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) ६.५ ते ८.५ आणि मुक्त, म्हणजे विषारी रूपातला, अमोनिया नायट्रोजनच्या हिशेबानं १.२ मिलिग्रॅमपर्यंत असावा, असं आहे.

अमोनियाचा आकडा पीएच आणि तापमानाशिवाय वाचू नका. ३० अंशाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा एक टक्कादेखील विषारी रूपात नसतो, पीएच ८ झाला की तो सात-आठ टक्क्यांवर जातो. म्हणजे नदीत जो अमोनिया मासे सहन करतात, तोच खाडीच्या जास्त पीएचच्या पाण्यात त्यांना मारू शकतो. आम्लाचं उलट आहे. आपल्या नद्यांचं पाणी मऊ, त्यात आम्ल पचवायची ताकद कमी, त्यामुळे आम्लानं मासे मरतात ते नाल्यात आणि नदीत. समुद्राचं पाणी मिसळलं की आम्ल लवकर मारलं जातं. टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजायचं पेन गोड्या पाण्यात उपयोगी पडतं, खाडीत मात्र ते मीठच मोजत बसेल.

बाटल्यांचं थोडक्यात सांगतो. साध्या तपासणीसाठी दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन, त्याच पाण्यानं विसळून काठोकाठ भरलेला. कीटकनाशक, तेल, फिनॉल यांच्यासाठी काचेचीच बाटली, जमल्यास गडद रंगाची. धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल, अमोनियाच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल, सायनाइडच्या बाटलीत सोडियम हायड्रॉक्साइड घालून ठेवावं लागतं. सायनाइडच्या नमुन्यात चुकूनही आम्ल टाकू नका, विषारी वायू सुटतो. हे आम्ल-अल्कली घरी हाताळायच्या भानगडीत न पडता प्रयोगशाळेकडून आधीच तयार बाटल्या मागवून मच्छीमार सोसायटीच्या कपाटात कुलूप लावून ठेवणं उत्तम. सगळ्या बाटल्या बर्फात. बर्फाची आपल्या बंदरांवर कधी वानवा नसते.

पाणी निघून गेलं असेल तरी हात टेकू नका. तळाचा चिखल भरा, धातू आणि काही कीटकनाशकं चिखलात बराच काळ राहतात. मरायला टेकलेले मासे घ्या. कीटकनाशक तपासायचं तर मासा ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून गोठवा. कल्ले, यकृत यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी हवी असेल तर गोठवू नका, छोटे तुकडे दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवा. ऑर्गनोफॉस्फेट गटाच्या कीटकनाशकानं माशाच्या मेंदूतल्या ॲसिटिलकोलिनेस्टरेज या एन्झाइमचं काम मंदावतं आणि पाणी कोरं झाल्यावरही ते मोजता येतं. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. माशांच्या तपासणीबद्दल तिथल्या जाणकारांशी आधीच बोलून ठेवा, घटना घडल्यावर ओळख काढत बसायला वेळ नसतो.

दोन बादल्या

ही चाचणी कोणालाही करता येते. संशयित पाणी एका बादलीत, वरच्या चांगल्या जागेचं पाणी दुसरीत. दोन्हींत मत्स्यालयातला हवेचा पंप सोडा आणि सारख्याच आकाराचे, एकाच ठिकाणचे जिवंत मासे टाका. खाडीचं पाणी असेल तर खाडीतलेच मासे घ्या, आणि दोन्ही बादल्यांतला खारेपणा साधारण सारखा असू द्या. हवा मिळाल्यावर संशयित पाण्यातले मासे जगले तर बाहेर त्यांना ऑक्सिजन कमी पडला असण्याची शक्यता जास्त. हवा असूनही तेवढेच मेले आणि दुसऱ्या बादलीतले ठणठणीत राहिले, तर पाण्यात विष आहे. एकच अडचण अशी की हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू हवेच्या बुडबुड्यांबरोबर उडून जातात. त्यामुळे सडक्या अंड्यांचा वास आणि काळा चिखल असेल तर मासे जगले तरी पाणी निर्दोष ठरवू नका.

कारखान्यांच्या सांडपाण्याच्या मानकांतही अशीच चाचणी आहे: काही न मिसळलेल्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जगले पाहिजेत. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करताना ही चाचणी नाव घेऊन मागा. घटक एकेक करून मर्यादेत असले तरी सगळ्यांचं मिश्रण मारक असू शकतं, आणि ते फक्त मासाच सांगू शकतो.

आपल्याकडचे नेहमीचे संशयित

मृगाचा पहिला जोरदार पाऊस सर्वांत घातक. उन्हाळाभर नाल्यात, गटारात, टाक्यांत, आवारात साठलेलं सगळं एका दिवसात खाली येतं. पावसाच्या आडोशाला साठवलेलं सांडपाणीही सोडलं जातं, हा खाडीकाठचा जुना संशय आहे आणि तो तपासता येतो: पाऊस सुरू होण्याआधी, चालू असताना आणि थांबल्यानंतर नाल्याच्या तोंडाशी नमुने घेतले तर नुसती धुवण आणि मुद्दाम सोडलेलं पाणी यांतला फरक दिसतो. धुवणीचा जोर पावसाच्या पहिल्या तासांत असतो, मग ती पातळ होत जाते. पाऊस दिवसभर पडूनही पाणी दाटच राहिलं तर मागे टाकी रिकामी होतेय. आणि हीच वेळ वलगणीचे मासे चढायची. पोटात अंडी घेऊन वर निघालेली मासळी त्या पाण्याला समोरून भिडते, म्हणून मृगातल्या एका दिवसाचं नुकसान पुढच्या हंगामालाही भोवतं.

रात्रीचा टँकर. दहा हजार लिटरच्या टँकरमधल्या सांडपाण्याचा सीओडी (त्यातली घाण रासायनिक रीतीनं जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला २०,००० मिलिग्रॅम धरा. म्हणजे ते पूर्ण कुजायला-जळायला २०० किलो ऑक्सिजन लागेल. लिटरमागे ६ मिलिग्रॅम ऑक्सिजन असलेलं तीन कोटी लिटरहून जास्त पाणी यात संपतं. हे एका क्षणात होत नाही, वाहताना होतं, आणि म्हणूनच टँकर ओतला त्या पुलाखाली मासे जिवंत दिसतात आणि कितीतरी खाली मरतात. पुलाखाली जाऊन "इथे तर काही नाही" म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगा.

आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत, तुडतुडे आणि भुरीच्या फवारण्या चालू असताना, पऱ्यात (ओढ्यात) ड्रम आणि पंप धुतले जातात. त्यानं मोठी खाडी मरत नाही, पण पऱ्या आणि त्याच्या खालचा कोंड निर्जीव होतो. बागायतदार आपलेच असतात म्हणून हे बोललं जात नाही. बोललं पाहिजे. तसंच कोळंबीचे तलाव रिकामे करताना सुटलेलं पाणी, ब्लीचिंग पावडर किंवा गेळ-शेर या विषारी वनस्पती टाकून मासे धरणारे, आणि शहराचं प्रक्रिया न झालेलं मैलापाणी. कारखान्याकडे बोट दाखवायच्या आधी ही चार कारणं तपासून बाजूला काढली असतील, तरच तुमच्या तक्रारीला वजन येतं. समोरचा वकील तेच चार मुद्दे पुढे करणार आहे.

"सर्व घटक मर्यादेत" असा अहवाल आला तर

तीन गोष्टी बघा: नमुना किती वाजता घेतला, कुठे घेतला, काय तपासलं. मासे पहाटे मेले आणि नमुना दुपारी चारचा असेल, तर मधे जवळपास एक अख्खी भरती आणि एक अख्खी ओहोटी होऊन गेली. तो अहवाल दुपारी चारच्या पाण्याचा आहे, आणि हे लेखी कळवा. बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), सीओडी, पीएच एवढंच तपासलं असेल तर कीटकनाशक, सायनाइड, सल्फाइड, फिनॉल यांबद्दल तो अहवाल काहीच सांगत नाही. बीओडीची चाचणी आपल्याकडे २७ अंशाला तीन दिवसांची असते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी कोणी तोंडी "बीओडी ठीक आहे" म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कोर्टात टिकायचा तर तो १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे घ्यावा लागतो: कारखान्याला जागेवर नोटीस, नमुन्याचे दोन भाग, सील, सह्या. हे काम मंडळाच्या अधिकाऱ्याचं. तुमची बाटली त्याची जागा घेऊ शकत नाही, पण अधिकाऱ्यानं कुठे, केव्हा आणि काय शोधावं हे ती ठरवू शकते. म्हणून मंडळाच्या कार्यालयाला, मत्स्यव्यवसाय खात्याला आणि तलाठ्याला एकाच वेळी फोन करा, लगोलग मेल किंवा संदेश पाठवा म्हणजे वेळेची नोंद राहते, आणि पंचनाम्यात माशांच्या जाती, आकार, अंदाजे वजन, किती किलोमीटरच्या पट्ट्यात मेले आणि भरती-ओहोटीची अवस्था लिहून घ्या. "असंख्य मासे मृत" असं लिहिलेल्या पंचनाम्यावर भरपाई मिळत नाही. काठावर ठरावीक अंतराचे पट्टे आखून तेवढ्यातले मासे मोजा आणि त्यावरून पूर्ण काठाचा अंदाज बांधा.

मेलेली मासळी विकू नका, सुकवूही नका, उकळून विष जात नाही. विहिरीपासून लांब खड्डा काढून चुना टाकून पुरा, पण मोजणी आणि पंचनामा झाल्यावरच.

त्यानंतर माहिती अधिकारात मागायच्या गोष्टी: सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात त्या आठवड्यात आलेल्या आणि बाहेर पडलेल्या पाण्याचे अहवाल, ऑनलाइन मीटरच्या तासागणिक नोंदी, मीटर बंद होता तर केव्हापासून केव्हापर्यंत, संबंधित कारखान्यांची संमतीपत्रं, आणि वीजगृहाच्या विसर्गाच्या वेळा. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे पर्यावरणाच्या वादाचा अर्ज कलम १४ प्रमाणे सहा महिन्यांत आणि भरपाईचा अर्ज कलम १५ प्रमाणे पाच वर्षांच्या आत करावा लागतो. सहा महिने फार पटकन जातात. घटनेच्या दिवसापासून मोजायला लागा आणि अहवालाची वाट बघत अर्ज अडवून ठेवू नका. अहवाल नंतर जोडता येतो.